आबाजींची गुप्त चौकशी

आबाजींनी आजवर गावातल्या तीसेक पोरींच्या स्थळांची चौकशी केली होती आणि एकही जावई वाईट निघाला नव्हता, असं निदान त्यांचं म्हणणं. त्यामुळे सोलरचीही चौकशी आपणच करणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

योजना अशी: माळावर पॅनेलं बसणार, त्यात घराघराचा वाटा आणि तेवढं बिल कमी. आबाजींच्या बायकोची, विमलबाईंची, पिठाची गिरणी बिलापायी बंद पडायच्या बेतात होती. त्यांनी भिशीची सगळी रक्कम काढून ठेवली होती आणि चार वाजता निलेश नावाचा एजंट सही घ्यायला येणार होता.

"कुंभिवलीचे हारूनभाई वर्षभर वापरतायत म्हणं," विमलबाई म्हणाल्या. "फोन करून सरळ इचारा की."

"फोनवर कुणी खरं सांगतं का गं? चौकशीला गेलं की नाव नाय सांगायचं, काम नाय सांगायचं. पेंढा बघायला आलोय म्हणायचं!"

कुंभिवलीत हारूनभाई घरी नव्हते. त्यांची बायको जुबेदा ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"पेंढा? आमच्याकडं ना म्हैस, ना शेत. आलात कुठनं?"

"भिवपुरीकडनं."

जुबेदानं सूप खाली ठेवलं. "बरे भेटलात! तिकडचे गिरणीवाले आबाजी माहितीयत? माणूस कसा हाय?"

आता आली का पंचाईत! नाव सांगावं तर नियम मोडतो आणि स्वतःला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही.

"आबाजी? देवमाणूस! शब्दाला पक्का. वर दिसायलाही रुबाबदार."

जुबेदानं लगेच नवऱ्याला फोन लावला. "आवो, करून टाका सही. आबाजी देवमाणूस हाय म्हणं."

"कसली सही?" आबाजींनी विचारलं.

"सोलरची. हे कर्जतला निलेशच्या ऑफिसात बसलेत. आबाजींची गिरणी वर्षभर सोलरवर चालते, असं तोच म्हणाला."

आबाजी पेंढा विसरले. "आणि तुमच्याकडचं सोलर?"

"आमच्याकडं अजून खिळा ठोकलेला नाय."

"अरे देवा! बाई, थांबवा त्यांना. मीच आबाजी!"

जुबेदानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मघाशी पेंढेवाले होतात, आता आबाजी. घटकाभरानं कोण होणार?"

आबाजींनी विमलबाईंना फोन लावून स्पीकर चालू केला. "विमल, सही करू नकोस! त्या निलेशनं आपल्याला हारूनभाईंचं नाव सांगितलं अन् त्यांना आपलं. बसलेलं कुणाकडंच नाय! आता या बाईंना सांग, मी कोण ते."

"ताई, हे तुमचेच का?" जुबेदानं विचारलं. "आबाजी देवमाणूस हाय म्हणतायत."

"देवमाणूस?" विमलबाईंना हसू आवरेना. "मग त्यांनीच सांगितलं असणार! आवो, थापा मारल्याबिगर यांना जेवण पचत नाय. रात्री घोरतात अन् सकाळी घोरत नाय म्हणून भांडतात. पण आता सोलरचं बोलतायत ते खरं हाय."

"अगं, पुरे!" आबाजी ओरडले.

जुबेदाचा चेहरा खुलला. तिनं पुन्हा हारूनभाईंना फोन लावला.

"आवो, पेन ठेवा खाली. समोर बसलेत ते खरोखरचे आबाजी हायत. त्यांच्या बायकोनंच नावं ठेवलीयत."