सगळ्यात जाड पुस्तकाचा वाचक

बायकोसाठी पुस्तक ठेवायचा एक लाकडी स्टँड करावा, आणि तोही तिला न सांगता, असं माझ्या मनात आलं. सांगून केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

आमच्या हिला वाचनाचं वेड. गॅसवर काही ढवळत असली तरी दुसऱ्या हातात पुस्तक. मी शाळेत फार टिकलो नाही. जन्मभर एका मोठ्या ऑफिसात लिफ्ट चालवली. (लोकांना वर पोचवायचं आणि आपण पुन्हा खाली यायचं, असं ते काम.) जगात काय काय घडतं ते मला हिच्याकडूनच कळलं. रात्री जेवताना ती वाचलेली गोष्ट सांगते. एखाद्या पात्राचा राग सांगताना तिच्या स्वतःच्या भुवया चढतात, आणि मी घास हातात धरून बसून राहतो. असं सांगणारं माणूस घरात असताना मी कशाला वाचू?

पण अलीकडे तिची मनगटं दुखायला लागली. एकदा रंगात आलेलं पुस्तक मिटून ती मनगट चोळत बसलेली मी पाहिली आणि मला गलबलून आलं. म्हणून हा स्टँड.

फळ्या कापून आणल्या. गोंदाच्या डब्यावर लिहिलं होतं, 'जोड जड वजनाखाली ठेवा.' घरात जड वस्तू खूप, पण कुठलीही हलवली की हिला लगेच कळतं. मग डोक्यात आलं, हिच्या घरात एक पुस्तक जास्त दिसलं तर कोणाला संशय येणार आहे?

मी एकटाच वाचनालयात गेलो. तिथल्या ग्रंथपालबाई मला 'लिफ्टकाका' म्हणतात.

"काका, आज काकू नाहीत? काय देऊ?"

"जाडसं काहीतरी."

"कादंबरी?"

"चालेल. पण आहे त्यात सगळ्यात जाड."

त्यांनी दोन्ही हातांनी उचलून एक पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. मी ते जोखून पाहिलं. मन भरलं.

दुपारी जेवण झाल्यावर ही आडवी झाली की मी मागच्या खोलीत जोडाला गोंद लावायचो, स्टँडवर जुनी चादर टाकायचो, वर पुस्तक ठेवायचो आणि काही झालंच नाही असा चेहरा करून फिरायला जायचो. संध्याकाळी येऊन बघावं तर पुस्तक जागच्या जागी आणि जोड मात्र सरकलेला! मी गोंद बदलला. हार्डवेअरवाल्याशी भांडलो.

"आजोबा, या गोंदानं दरवाजे चिकटतात."

"मग माझी एवढीशी फळी का चिकटत नाही?"

"हात थरथरत असेल तुमचा."

(हात तेव्हा थरथरत नव्हता. हे ऐकल्यावर थरथरायला लागला.)

पुस्तकाची मुदत संपली की मी वाढवून घ्यायचो. दर खेपेला ग्रंथपालबाईंचा आवाज जरा जास्तच आदरानं भरलेला.

"अजून हवंय?"

"हवंय. काम व्हायचंय अजून."

"खरा वाचक असंच वाचतो, काका. घाई नाही." आणि त्यांनी शिक्का अगदी हळुवार मारला.

आमच्या वाचनालयात दर महिन्याला शिफारशीची संध्याकाळ असते. वाचक आवडतं पुस्तक घेऊन येतात आणि त्यावरून स्वतः काहीतरी करून दाखवतात. कोणी चित्र काढतं, कोणी पुठ्ठ्याचं जहाज करतं, एका आजींनी तर गोष्टीतलं घर विणून आणलं होतं. मला ते सगळं फार आवडतं. अर्थात मागच्या खुर्चीवरून.

एके दिवशी ही वाचनालयातून आली ती उड्या मारायचीच बाकी होती.

"अहो, फळ्यावर तुमचं नाव आहे!"

"कसल्या फळ्यावर?"

"या महिन्याची शिफारस, लिफ्टकाकांची! बाई म्हणाल्या, इतक्या चिकाटीनं ते पुस्तक आजवर कोणी वाचलं नाही. मी आपल्या धाकट्या लेकीला फोन केला, शेजारच्यांना सांगितलं. सगळे येणार आहेत."

"अगं, पण मी..."

"लाजू नका हो. जन्मभर मीच बडबडले. एकदा तुमच्या तोंडून गोष्ट ऐकायचीये मला."

तिचे डोळे असे चमकत होते, की खरं सांगायचं मी पुढे ढकललं. तिची मान खाली जायला नको, एवढंच मला सुचत होतं. मग वाचूनच टाकावं म्हटलं. पण वाचायला पुस्तक काढलं तर स्टँड चिकटणार कसा, आणि दाबून ठेवलं तर मी वाचणार कसा? शिवाय मी वाचतो बोट ठेवून. त्या वेगानं नायकाचा जन्म व्हायलाच सणवार उलटले असते.

ती संध्याकाळ आली. करून दाखवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून स्टँडच पिशवीत घालून नेला. खुर्च्या भरलेल्या. ही पहिल्या रांगेत, ठेवणीतले कपडे घालून. ग्रंथपालबाईंनी माझं इतकं कौतुक केलं, की हे कोणाबद्दल चाललंय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मग माझ्या हातात माईक दिला. एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघतात ती फक्त लिफ्टमध्ये. तोंडातून निघून गेलं,

"कितवा मजला?"

हॉल हसला. हीसुद्धा हसली, आणि तिच्याकडे बघून मला खोटं बोलवेना.

"मी हे पुस्तक वाचलेलं नाही," मी म्हणालो. "वजन म्हणून नेलं होतं. आमच्या हिचं मनगट दुखतं. तिच्यासाठी हा स्टँड करत होतो." पिशवीतून स्टँड काढला. त्याचा एक पाय पिशवीतच राहिला. "चिकटला नाही. गोष्ट मला सांगता येत नाही. घरात ते खातं हिच्याकडे आहे."

कोणी हसलं नाही. हिची मान खाली. खांदे हलत होते. रडवलं मी हिला, मला वाटलं. पण ती उठली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अहो, मागच्या खोलीत चादरीवर असायचं ते हेच ना?"

"हेच."

"मला वाटलं, तुम्ही चोरून वाचताय. विचारलं तर बिचकाल म्हणून गप्प राहिले. आपल्याला मिळून बोलता यावं म्हणून मीही वाचत होते. रोज दुपारी, तुम्ही फिरायला गेलात की काढून घ्यायची आणि तुम्ही यायच्या आत होतं तसं ठेवून द्यायची."

"रोज?"

"रोज."

"तरीच!" मी ओरडलो. "आणि मी उगाच त्या हार्डवेअरवाल्याशी भांडलो!"

हॉल कोसळायचा बाकी राहिला. हशा ओसरल्यावर ग्रंथपालबाईंनी माईक हिच्या हातात दिला.

मग ती बोलली. पूल बांधायला घराबाहेर पडलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. आमच्या जेवणाच्या टेबलावर सांगते तशीच, भुवया चढवून. जहाज चिकटवणारी मुलं हातातली कात्री विसरली. विणणाऱ्या आजींच्या सुया थांबल्या. पूल अर्धा झाला, नदी चढू लागली, धाकटी मुलगी पलीकडच्या काठावर अडकली, आणि ही म्हणाली, "पुढचं तुम्ही वाचा."

पुस्तकासाठी तिथल्या तिथे रांग लागली. मी अभिमानानं इकडे तिकडे बघत होतो, जणू हिला मीच लिहिलंय.

पुढे स्टँड चिकटला. (चादरही त्यालाच चिकटली. ती आता वेगळी होत नाही.) हिनं कौतुकानं नवं, तितकंच जाड पुस्तक त्यावर ठेवलं, आणि स्टँडनं चारी पाय पसरून अंग टाकून दिलं.

आता रोज संध्याकाळी मी खुर्चीत बसून पुस्तक धरतो, ही समोर बसून मोठ्यानं वाचते आणि पान उलटते. माझा डोळा लागला की पुस्तक कलंडतं. काल तिनं चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"पहिलाच बरा होता. मोडायचा, पण घोरत तरी नव्हता."