चाळीस फेऱ्या

ग्रंथपाल सकाळपासून बहाणा शोधत होते. वस्तीतल्या नव्या क्रीडा केंद्राच्या दारावर फलक झळकत होता: सर्वाधिक फेऱ्या मारणारे पाच जलतरणपटू, आज शर्यत. त्यात तिसरा फोटो त्यांचा होता, आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

झालं असं, की डॉक्टरांनी पोहायला सांगितलं आणि बायकोने लगेच नाव घातलं. केंद्राने मनगटाला पट्टा दिला. हा पट्टा फेऱ्या मोजायचा आणि आकडा थेट बायकोच्या मोबाइलवर पाठवायचा. ग्रंथपालांना पाण्याची लहानपणापासून धास्ती. त्यांनी निवृत्त पोस्टमनना गाठलं.

"तुम्ही रोज पोहताच. माझा पट्टा तेवढा घाला की!"

पोस्टमनना कुणाला नाही म्हणता येत नसे. तीन महिने ग्रंथपाल उपाहारगृहात पेपर वाचत बसले आणि नळाखाली डोकं ओलं करून घरी गेले. बायको कौतुकाने बघायची, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मला ताप आलाय वाटतं," आज सकाळी त्यांनी सांगून पाहिलं. बायकोने थर्मामीटर लावला. ताप नव्हता. शिवाय सासरे काठी टेकत शर्यत बघायला निघालेही होते.

पाचही जण तलावाच्या काठावर उभे राहिले आणि शिट्टी वाजली. पाचांपैकी कुणीच हललं नाही.

"मारा ना उडी," शेजारचा शिंपी पुटपुटला.

"तुम्ही मारा आधी!"

"मला कुठे येतं पोहायला? माझा पट्टा पोस्टमनकडे असतो."

हे ऐकून पलीकडच्या तिघांनी माना खाली घातल्या.

"अहो, उडी मारा!" बायको ओरडली. खरं सांगावं तर सासऱ्यांदेखत तिची मान खाली जाणार, न सांगावं तर आपण बुडणार. ग्रंथपालांनी डोळे मिटले आणि उडी टाकली.

पाय तळाला लागले. पाणी छातीपर्यंतच होतं. ज्या पाण्याला तीन महिने भ्यालो, ते एवढंच? त्यांना हसावं की रडावं कळेना. मग हात मारल्यासारखं करत ते सरळ चालू लागले. मागून धपाधप चार उड्या पडल्या आणि ते चौघेही चालत निघाले. ग्रंथपाल पहिले आले.

काठावर बायको टॉवेल घेऊन उभी होती.

"रोज चाळीस फेऱ्या अशाच चालता?"

"पाण्यात आजच उतरलो," ग्रंथपाल कसेबसे म्हणाले.

तिने त्यांचं डोकं जरा जोरातच पुसलं.

"उद्यापासून मी येते. पट्टा राहू दे, फेऱ्या मी मोजेन."