बुधवारचा घाम

"अहो, मान वळवा. कानामागे कोरडंच राहिलंय," असं म्हणत बायकोने झाडांवर औषध मारायचा फवारा नवऱ्याच्या मानेवर दोनदा दाबला.

"पाठीवर जास्त नको हं," नवरा गाडीतच वाकून म्हणाला. "ताप उतरल्यासारखं दिसतं."

हे महापालिकेचे उपअभियंता, आणि 'सायकल व पादचारी प्रोत्साहन कक्षा'चे प्रमुख. कक्ष चौथ्या मजल्यावर होता आणि साहेब लिफ्टने वर जात. कॉलेज सुटल्यापासून त्यांनी सायकलला हात लावला नव्हता आणि पायांचा उपयोगही बेताचाच केला होता. आता मात्र ते बँकेच्या मागच्या गल्लीत, बायकोच्या गाडीत बसून घाम लावून घेत होते. गाडीच्या टपावर दोरीने बांधलेली कोरी करकरीत सायकल होती.

कारण नव्या आयुक्त मॅडम. बुधवारी कोणीही गाडीने यायचं नाही, सायकलने किंवा चालत यायचं, असा हुकूम त्यांनी काढला होता, आणि त्या स्वतः फाटकात उभ्या राहून पाहत. त्या स्वतःही चालतच येत. त्यांचा बंगला फाटकाच्या बरोबर समोर होता. तेवढ्यासाठी त्या खेळाचे बूट घालत आणि एक शिपाई दोन्ही बाजूंची रहदारी थांबवून धरी.

तरीही साहेबांनी एखादी सबब काढली असती. पण कार्यकारी अभियंत्याची खुर्ची रिकामी झाली होती, आणि सायकलच्या कामात जो जीव ओतेल त्यालाच ती देणार, असं मॅडमनी भर बैठकीत सांगितलं होतं. त्या खुर्चीला सरकारी गाडी होती. ड्रायव्हरसकट! ही गाडी मिळवायची म्हणून साहेब सायकलवर बसायला तयार झाले. बायकोचाही पाठिंबा होता. रोज आधी नवऱ्याला ऑफिसात सोडायचं आणि मग आपल्या लॅबमध्ये धावायचं, यात तिला रोज उशीर होई आणि रोज बोलणी बसत.

"घरापासूनच चालवा ना सायकल. खरा घाम येईल," फवारा दाबता दाबता ती म्हणाली.

"घामेजलेल्या माणसाच्या हातून काम होत नाही."

"मग हा मी काय लावतेय?"

"हा वरिष्ठांसाठी आहे."

गल्लीपासून फाटकापर्यंत एकच वळण होतं. साहेबांनी ते डुगडुगत पार केलं आणि धापा टाकल्या. धापा मात्र अस्सल होत्या.

"बघा! याला म्हणतात निष्ठा," मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. साहेब लाजले. लिफ्टमध्ये मात्र लेखापाल शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी नाक पुढे करून हुंगलं.

"साहेब, आम्ही गुलाबावर मारतो ना, त्याच औषधाचा वास येतोय तुमच्या घामाला."

साहेबांचा चेहरा उतरला. चौथा मजला आला. दार उघडल्यावर लेखापाल हळूच म्हणाले, "पुढच्या बुधवारी मलाही घ्या की. मी कोणाला सांगतोय!"

टपावर दोन सायकली मावेनात, म्हणून लेखापालांनी वेगळा टेम्पो ठरवला. टेम्पोत जागा उरते म्हणून लेखापालांनी आस्थापना विभागातल्या मेव्हण्याला घेतलं. मेव्हण्याच्या पोटात काही राहत नसे. बघता बघता कर विभाग आला, उद्यान विभाग आला, जन्ममृत्यू विभाग आला. टेम्पोवाल्याने गल्लीत घामासाठी पाण्याचं एक पिंप आणि तांब्याच ठेवला. "पाणीपुरवठ्याची माणसं सगळ्यात जास्त पाणी मागतात," अशी त्याची तक्रार होती. ज्यांना टेम्पो परवडेना किंवा शोभेना, ते आपापल्या गाड्यांना सायकली बांधून आणू लागले आणि गाड्या दिवसभर गल्लीतच ठेवू लागले. महापालिकेत सायकलचा असा प्रसार कधी झाला नव्हता.

मॅडमना भरून आलं. येत्या बुधवारी फाटकातच नव्या कार्यकारी अभियंत्याचं नाव जाहीर करते, म्हणाल्या.

त्या बुधवारी साहेबांची गाडी बँकेच्या गल्लीपर्यंत पोहोचलीच नाही. गल्ली बरीच दूर असतानाच पुढे गाड्यांची रांग लागलेली दिसली. प्रत्येक गाडीवर एक सायकल. मध्ये लेखापालांचा टेम्पो आडवा फसला होता आणि टेम्पोवाला पिंपावर उभा राहून सगळ्यांना मागे जायला सांगत होता. मागे जायला जागा नव्हती. हॉर्न असे वाजत होते की साहेबांना स्वतःचं कपाळ बडवून घेतल्याचाही आवाज ऐकू आला नाही.

"नाव जाहीर होईल आणि मी इथे अडकून पडलेला!" साहेब रडकुंडीला आले. "गेली गं गाडी आपली!"

"अहो, मग सायकलने जा."

"सायकलने?" साहेब दचकले. "ऑफिस किती लांब आहे!"

"टपावर काय शोभेला ठेवलीये ती? उतरा!"

बायकोने स्वतः दोरी सोडली. साहेब निघाले. शहरातला सायकल मार्ग याच रस्त्याने जात होता, म्हणून ते त्यावर चढले, आणि थोड्याच अंतरावर एक विजेचा खांब मार्गाच्या बरोबर मधोमध उभा राहिला. "कुठल्या गाढवाने इथे खांब ठेवला!" ते ओरडले. खांब चुकवला तर पुढे बस थांब्याचं बाकडं. बाकड्यावरच्या आजीबाईंनी पाय वर घेऊन त्यांना वाट दिली. मग मार्ग एकदम डावीकडे वळला आणि एका भिंतीला जाऊन मिळाला. भिंतीवर पाटी होती: 'सायकल चालवा, आरोग्य कमवा.' साहेबांनी आराखडा करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो आराखडा कोणाच्या सहीने गेला होता, हे आठवताच तो उद्धार त्यांनी मुकाट्याने परत घेतला.

ते पुन्हा रस्त्यावर आले, तर पुढे उतार होता. सायकल आपोआप पळू लागली, शर्टात वारा भरला, अडकलेल्या गाड्या एकामागून एक मागे पडल्या. साहेबांना आनंद झाला. निखळ, लहानपणी होई तसा. आपण कुठे आणि कशासाठी चाललो आहोत हेही ते क्षणभर विसरले.

फाटकात मॅडम एकट्याच उभ्या होत्या. हातात फुलांचा गुच्छ होता.

"तुम्ही एकटेच? बाकीचे कुठे आहेत?"

"वाहतूक अडलीये, मॅडम. बँकेमागे."

"सायकलींची?"

"गाड्यांची."

"सायकलच्या दिवशी गाड्यांची?"

साहेबांच्या अंगातून खरा घाम वाहत होता, आणि खऱ्या घामाबरोबर माणसाला खरं बोलावंसंही वाटत असावं. "मॅडम, खरं सांगू का? सगळे सायकल गाडीवर घालून आणतात. मीसुद्धा—"

"थांबा." मॅडमनी डोळे मिटले. साहेबांनी मनातल्या मनात सरकारी गाडीला निरोप दिला.

"म्हणजे लोकांना सायकल चालवायचीये," मॅडम डोळे उघडून म्हणाल्या, "पण सायकल आणलेली गाडी लावायला जागा नाहीये! हे आजवर कोणाच्या डोक्यात कसं आलं नाही? तुम्ही चार वाक्यांत दुखण्यावर बोट ठेवलंत. आपण वाहनतळ बांधू. सायकलस्वारांच्या गाड्यांसाठी!"

"पण मॅडम, जागा?"

"तो सायकल मार्ग आहे ना? तसाही भिंतीला जातो म्हणतात." त्यांनी गुच्छ साहेबांच्या हातात कोंबला. "अभिनंदन, कार्यकारी अभियंता! वाहनतळ तुम्हीच बांधायचा. आणि हो, आता हे घामेजून येणं बंद. बुधवारीसुद्धा. ठेकेदारांसमोर पदाचा मान राहिला पाहिजे."

अशी गाडी आली, ड्रायव्हरसकट. बायको आता लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी पोहोचते. साहेबांच्या गल्लीत रोज सकाळी सरकारी गाडी येते आणि रिकामीच निघून जाते, याचं शेजाऱ्यांना आश्चर्य वाटतं. साहेब त्याआधीच सायकलवर बसून निघालेले असतात. बायकोने कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "उतारावर काय वारा लागतो गं!" आणि ओशाळले.

ड्रायव्हर बँकेमागे टॉवेल आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन थांबतो. साहेब येतात, इकडेतिकडे बघतात, सायकल डिकीत घालतात, अंग कोरडं करून शर्ट बदलतात आणि मागच्या सीटवर बसतात.

"घेऊ का फाटकाकडे, साहेब?" ड्रायव्हर विचारतो.

"जरा एक चक्कर मार आधी," साहेब छातीवर हात ठेवून म्हणतात. "धाप लागलेली दिसली तर मॅडमना संशय येईल."