‘प्रेझेंटली’ म्हणजे कधी?

एका जंगलात, बाळांनो, नदीकाठच्या बिळात गोजरा नावाची उंदरीण राहत होती. तिला नुकतीच सहा पिल्लं झाली होती. अजून त्यांचे डोळेही उघडले नव्हते.

तिथला राजा सिंह. त्याला साध्या भाषेत डरकाळी फोडायची लाज वाटू लागली होती. म्हणून त्याने नियम केला, दरबाराच्या प्रत्येक हुकुमात एक तरी इंग्रजी शब्द हवाच. तेव्हापासून हुकूम कुणाला कळेनात. त्यामुळे तक्रारीही बंद झाल्या. राज्य सुखी झालं.

वरच्या अंगाला हत्तींनी नदीवर बांध घातला होता. एका सकाळी वडावर नोटीस लागली. ‘बांधाचे पाणी सोडणे : प्रेझेंटली.’

गोजरा धावत दरबारात गेली. कारभारी होता तरस.

“कारभारीसाहेब, हे प्रेझेंटली म्हणजे कधी?”

“नोटिशीत लिहिलंय की.”

“तेच विचारतेय, साहेब. माझी पिल्लं काठाला आहेत.”

तरसालाही ठाऊक नव्हतं. त्याने भाषापंडित बगळ्याला बोलावलं. बगळा मान ताणून म्हणाला, “प्रेझेंटली म्हणजे आत्ता. या घडीला.”

गोजरा वळली, तोच फांदीवरून दुसरा पंडित पोपट ओरडला, “साफ चूक! प्रेझेंटली म्हणजे थोड्या वेळाने.”

“तो जुना अर्थ!”

“जुना तोच खरा!”

“अहो, थोड्या वेळाने म्हणजे किती?” गोजराने विचारलं. तिच्याकडे कुणी पाहिलंही नाही. “बरं, मी आपली पिल्लं हलवते.”

“खबरदार!” तरस गुरगुरला. “अर्थ ठरायच्या आत हललीस तर दरबाराच्या शब्दावर अविश्वास दाखवलास असं होईल.”

सिंहाची अवकृपा ओढवून घ्यायची उंदरांची छाती नसते. गोजरा बसून राहिली. तिचा जीव बिळात अडकला होता. दुपार झाली. पंडित व्याकरणावर आले होते.

आणि वरून धडाधड आवाज आला.

गोजरा सुसाट पळाली. एक पिल्लू तोंडात धरलं, टेकाडावर ठेवलं, परत आली. दुसरं. तिसरं. चौथं नेताना पाणी तिच्या पोटाला लागलं. पाचव्या खेपेला बीळच दिसेना. ती काठावर अंधार पडेपर्यंत फिरत होती.

हत्तींनाही शब्द कळला नव्हता. उभं राहून कंटाळले, तेव्हा त्यांनी बांध फोडला होता.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. पंडितांचं प्रथमच एकमत झालं. दोन्ही अर्थ बरोबर! म्हणजे नोटीस निर्दोष होती.

तरसाने निकाल वाचला. “गोजराने चार पिल्लांच्या बाबतीत ‘आत्ता’ हा अर्थ घेतला आणि दोन पिल्लांच्या बाबतीत ‘थोड्या वेळाने’. एका प्रजाजनाला एका शब्दाचे दोन अर्थ वापरता येणार नाहीत. गोजरा दोषी आहे.”

“साहेब, माझी दोन गेली हो,” गोजरा म्हणाली.

“याची दरबारात नोंद हवी असेल,” तरस म्हणाला, “तर त्यात एक इंग्रजी शब्द घालून आण.”

गोजरा टेकाडाकडे निघाली. उरलेली चार वाट पाहत होती.

तात्पर्य : बाळांनो, हुकुमाचा अर्थ कळला नाही तर जीव वाचवायची घाई करू नये. विद्वान मंडळी त्यावर चर्चा करत असतात. ती नेहमी उंचावर बसलेली असतात, त्यामुळे त्यांना भरपूर वेळ असतो.