समजा, एक हौद आहे

गणिताच्या तासाला माझ्याइतकं मोकळं मन घेऊन बसलेली मुलगी आख्ख्या पांढुर्ण्यात झाली नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते!

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. मी आठवीत. नववीला गणित घ्यायचं की गृहविज्ञान, ते ठरायचं होतं. मला मोठेपणी पूल बांधायचे होते! पण माझे बाबा, नत्थूजी, म्हणायचे, "पोट्टी गणितात झोपते. तिले गृहविज्ञानच बरं."

तेवढ्यात सौंसरहून श्रीधर सर आले. पहिल्याच तासाला म्हणाले, "गणिताले भेऊ नका. मन मोकळं ठेवा. जे येईल ते येऊ द्या."

मी ठेवलं. सताड!

"समजा," सर म्हणाले, "एक हौद आहे."

काय शब्द आहे हो, समजा! मी लगेच समजले. हौद आमच्याच बागेत होता, निळ्याशार पाण्याचा. वर संत्र्याची पांढरी फुलं तरंगत होती. मी काठावर पाय सोडून बसले. एक नळ तो तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो, असं कुणीतरी ढगापलीकडून सांगत होतं. पाणी हळूहळू चढलं, घोट्यांना लागलं, काठावरून फुलांसकट सांडायला लागलं...

"चंद्रकला! दोन्ही नळ उघडले तर हौद कधी भरेल?"

"भरला न सर! वाहून राहिला! खालच्या बागेत पाणी घुसलं!"

आमच्या खालची बाग यशवंतरावांची. त्यांची उर्मिला माझ्या शेजारीच बसलेली! दिवस जानेवारीचे. बहर यावा म्हणून यशवंतरावांनी झाडांचं पाणी तोडलं होतं. अशात पाणी शिरलं की वर्षाचा बहर गेलाच!

"अवं माय!" उर्मिला किंचाळली आणि दारातून बाणासारखी सुटली. तिच्यामागे सर. सरांमागे आख्खी आठवी. सगळ्यात शेवटी मी, पाय ओले झाल्यासारखी जपून चालत.

आम्ही पोचलो तोवर उर्मिलेचं ऐकून यशवंतराव धुऱ्यावर, दोन्ही बागांमधल्या बांधावर, उभे राहून ओरडत होते, "नत्थूजी! माह्या बागेत पाणी काऊन सोडून राहिले?"

बाबा बागेतल्या खाटेवर पडलेले. दचकून उठले. "बाप्पा! मोटर चालू राह्यली काय?" म्हणत धावले आणि स्टार्टरचं बटण दाबलं.

मोटर बंदच होती. ती चालू झाली!

आता पाणी खरंच निघालं, फेसाळत, पाटातून थेट धुऱ्याकडे.

"बंद करा!"

"कोन्तं बटण?"

"लाल! लाल!"

बाबांना लाल बटण सापडेपर्यंत सरांनी पाटात उडी घेतली होती. पोरापोरींनी ओंजळी भरभरून माती टाकली. धुऱ्याच्या वीतभर अलीकडे पाणी थांबलं. यशवंतराव मटकन खाली बसले.

सर गुडघाभर चिखलात. तरी मास्तर तो मास्तरच! तिथूनच ओरडले, "चंद्रकला, आता तरी सांग, किती?"

मी चिखलातून एक चप्पल उपसून तिचा तळ पुसत होते. "सहा!"

सरांचे डोळे भरून आले. "बरोब्बर! नत्थूजी, या पोरीले गणितच द्या!"

बाबांनी धापा टाकत मान डोलावली.

"सर, इथं सहा नंबर लिहून आहे!" चप्पल उंच धरून मी ओरडत होते. "ही तुमचीच न?"

पण ऐकतं कोण!