शेवाळे सरांचं गेनाऊ

शेवाळे सरांना जर्मनमधला एकच शब्द येतो. गेनाऊ. म्हणजे 'अगदी बरोबर'. एवढ्या भांडवलावर ते गेली तीन वर्षं जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनमध्ये राहताहेत.

सर म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या समीरचे वडील. कराडच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला. पत्नी गेल्यावर समीरने त्यांना इकडे आणलं. समोरचा काहीही बोलू दे, सर मान किंचित तिरकी करतात, डोळे अर्धे मिटतात आणि वाक्य संपता संपता सावकाश म्हणतात, "गेनाऊ."

यातून घोटाळे होतातच. रविवारी, आवाजाला बंदी असताना, काचेच्या बाटल्या तुम्हीच टाकल्या का, असं खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं तेव्हा सरांनी न केलेला गुन्हा कबूल केला. डॉक्टरने डावा गुडघा दुखतो का विचारलं, गेनाऊ, उजवा, गेनाऊ. दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे निघाले. दुखत होती पाठ. बसस्टॉपवरच्या एका आजीबाई मात्र सरांवर खूश आहेत. आपल्या ऑपरेशनची हकिगत त्यांनी सरांना तीन हप्त्यांत सांगितली.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझी बायको मुग्धा नॉर्वेला, बेर्गनच्या जुन्या बंदरात चार दिवस जाणार होतो. जायच्या आठवड्यात समीर खाली आला. त्याला आणि बायकोला ऑफिसातून सुटका नव्हती, मुलगी इरा शाळेच्या सहलीला जाणार होती. बाबांना सोबत न्याल का, म्हणाला. मला खरं तर नको होतं. पण मी तोंड उघडायच्या आत मुग्धा हो म्हणून बसली.

बेर्गनच्या पाचवीला पाऊस पुजलेला. धक्क्यावर लाल, पिवळी, एकमेकींना टेकलेली जुनी लाकडी घरं. दुसऱ्या दिवशी आम्ही कॉफी घ्यायला पाच मिनिटं दुकानात शिरलो आणि बाहेर आलो तर सर नाहीत. मासळीबाजार पाहिला, बोटींची रांग पाहिली. सर फोन हॉटेलवर ठेवून आलेले. पाऊस वाढला. तासभर गेला, तशी मुग्धा रडकुंडीला आली. समीरला काय सांगायचं, हे मी मनात जुळवायला लागलो होतो.

सापडले ते त्या लाकडी घरांच्या मधल्या अरुंद बोळात. विशीतली एक गाइड मुलगी छत्री धरून जर्मनमध्ये बोलत होती. तिच्यासमोर श्रोता एकच. कानटोपी घातलेले, निथळणारे शेवाळे सर.

मी चिडून पुढे झालो, पण त्या मुलीनेच मला थांबवलं. म्हणाली, जर्मन पर्यटकांच्या ग्रुपमध्ये चौदा जण होते, पावसामुळे सगळे एकेक करून निघून गेले. तिची ही पहिलीच फेरी होती. "हे एकटे शेवटपर्यंत थांबले. इतिहासाचे प्राध्यापक आहेत का?"

मी सरांकडे पाहिलं. "शिक्षक आहेत," म्हटलं.

त्या मुलीच्या तोंडून जेवढं कानावर पडलं होतं, ते हॉटेलकडे परतताना मी सरांना मराठीत सांगितलं. फार पूर्वी जर्मन व्यापारी सुक्या मासळीसाठी इथे येऊन राहायचे. लग्नाला परवानगी नाही. गावातल्या लोकांत मिसळायचं नाही. घरं लाकडाची, म्हणून घरात विस्तवही पेटवायचा नाही.

"म्हणजे गरम काहीच नाही?" सरांनी विचारलं.

खोलीवर आल्यावर त्यांनी कानटोपी पिळली आणि आपणहून बोलले. "पोरगी घाबरली होती, निखिल. लोक उठून चालले की बोलणाऱ्याचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. एक जण जरी मान हलवत असला तरी तास पार पडतो."

मी म्हटलं, सर, तीन वर्षांत थोडं जर्मन शिकला असतात तर तुम्हालाच बरं पडलं असतं.

"क्लासला गेलो होतो की. डोक्यात राहत नाही आता." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "इरा शाळेतून आली की माझ्याजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगते. जर्मनमध्येच. मराठी कळतं तिला, पण बोलायला येत नाही. मला कळत नाही म्हटलं, तर उठून जाईल ना."



दुसऱ्या दिवशी आम्ही फियॉर्ड बघायला बोटीत बसलो. दोन्ही बाजूंना पाण्यातून सरळ वर गेलेले कडे. भोंग्यावर चार भाषांत काहीतरी सांगत होते, पण वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. मुग्धाने सहज विचारलं, "सर, समुद्र इतका आत कसा हो आला?"

सरांनी आधी मागे वळून पाहिलं, जणू प्रश्न दुसऱ्या कोणाला असावा. मग म्हणाले, नववीला शिकवायचो, फळ्यावर काढून. प्रत्यक्ष आजच बघतोय. आणि सुरू झाले. हिमनदी डोंगर कशी खरवडते, बर्फ वितळल्यावर समुद्र दरीत कसा शिरतो, आपल्या कोकणातल्या खाड्या वेगळ्या कशा. हातांनी कडे उभे केले, दरी कोरली. पाठ ताठ झाली होती. डोळे पूर्ण उघडे. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

अर्ध्या तासाने आवाज चिरकला. एक वाक्य घशातच अडलं. मुग्धाने पाण्याची बाटली पुढे केली. सरांनी दोन घोट घेतले, घसा खाकरून पाहिला, पण आवाज येईना.

"तीन तास सलग शिकवायचो," ते कुजबुजले. "सवय गेली."