करंजखेड्याचं यशस्वी रूपांतर

पृथ्वी गोल आहे याला शासनाचा विरोध नाही. मात्र फायलीत लावायची झाल्यास ती सपाट करून, घडी घालून आणि डाव्या कोपऱ्यात भोक पाडून सादर करावी लागते. जगातल्या सर्व नकाशांचा जन्म या एका अडचणीतून झालेला आहे. आणि एकदा सपाट केलेली पृथ्वी एका साहेबाच्या कपाटातून दुसऱ्या साहेबाच्या कपाटात न्यायची म्हटली, की ती पुन्हा नव्याने सपाट करावी लागते, कारण दोन साहेबांची कपाटं कधीच एका मापाची नसतात. या दुसऱ्या क्रियेला रूपांतर म्हणतात.

१९९७ साली धुळ्यात 'खान्देश नकाशा रूपांतर कक्ष' उघडला तो याच थोर कामासाठी. जळगाव जिल्ह्याचे नकाशे संगणकात भरायचं काम एका कंत्राटदाराला मिळालं होतं, धुळ्याचं दुसऱ्याला. पहिल्याने सगळी मोजमापं आपल्या लॉजमागच्या पाण्याच्या टाकीपासून धरली, दुसऱ्याने एस.टी. स्टँडच्या फाटकापासून. (निविदेत 'सोयीस्कर बिंदू निवडावा' असं होतं. दोघांनी ही अट तंतोतंत पाळली.) शिवाय दोघांच्या फायलींची पद्धत वेगळी. जळगावची फाईल धुळ्याच्या यंत्राला दिली की ते नुसतं गुरगुरायचं. तेव्हा दोन्ही जिल्हे एका फायलीत नांदवण्यासाठी 'रूपांतर' याच नावाचं सॉफ्टवेअर विकत घेण्यात आलं. ते तीन फ्लॉप्यांवर आलं आणि दसऱ्याला त्याला नारळ फोडण्यात आला.

या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा गुण म्हणजे आत्मविश्वास. काम संपलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'रूपांतर यशस्वी' असं यायचं. नकाशा उलटा आला तरी यायचं. एकदा चुकून फ्लॉपी न घालताच कळ दाबली गेली, तरी आलं. "यंत्राला नैराश्य नसतं," असं कक्षप्रमुख देवरे साहेब कौतुकाने म्हणत, आणि मग खालच्या माणसांकडे बघत.

ती कळ दाबायचं काम रुपचंदकडे होतं. वय तेवीस, गाव साक्री तालुक्यातलं पिंपळनेर, शिक्षण बी.कॉम. अधिक सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स. (त्यातले पहिले दोन महिने संगणक यायची वाट बघण्यात गेले, पण ते प्रमाणपत्रात धरलेले आहेत.) ए.सी.च्या खोलीत बसणारा कक्षात तो एकटाच, त्यामुळे मे महिन्यात त्याला मित्र फार. तिकडे पिंपळनेरला त्याच्या आईने 'पोरगा जमिनी इकडच्या तिकडे करतो' एवढंच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे स्थळंही वजनदार येत होती. थोडक्यात, रुपचंदचं बरं चाललं होतं. आणि मग एका दुपारी त्याची मोठी बहीण सुमन, जिला तो अक्का म्हणायचा, खोलीबाहेर चपला काढून आत आली.

अक्काला करंजखेड्याला दिली होती. हे गाव जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, पण धुळे जिल्ह्यात जीभ बाहेर काढल्यासारखं शिरलेलं. तिन्ही बाजूंना धुळे जिल्हा. गावाची वस्ती दक्षिणेच्या अंगाला, आणि अक्काचं घर अगदी उत्तरेला, मळ्यात, शिवेला लागून. गेली दोन वर्षं गावातली लहान पोरं गोळा करून ती आपल्या ओसरीत गाणी म्हणून घेई, नखं कापी, एकेकाचं नाक पुशी. पगार काही नाही. आता गावाला अंगणवाडी मंजूर झाली होती, सेविकेची एक जागा निघाली होती, आणि अक्काला ती जागा हवी होती. तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. अर्ज दोनच होते. एक अक्काचा आणि दुसरा सरपंच लोटनआबांची सून द्रौपदाबाई हिचा. अट एक होती, ती म्हणजे उमेदवार गावची रहिवासी असावी.

पूर्वी रहिवासी कोण, हे तलाठी सांगायचा. तो त्या घरी जेवलेला असे, त्यामुळे त्याची माहिती पक्की असे. पण जेवण हा शास्त्रीय पुरावा नव्हे, म्हणून त्या वर्षापासून दाखला रूपांतर कक्षाच्या फायलीवरून निघू लागला. अक्काच्या दाखल्यावर 'आढळत नाही' असं छापून आलं होतं.

"रुप्या, तुन्हा कंप्युटरनी मन्हं घर कोठे टाकं रे?"

रुपचंदने फाईल उघडली. दोन जिल्ह्यांचे नकाशे शेजारी ठेवल्यावर मध्ये चौदा मीटर रुंदीची एक पट्टी उरली होती. ती जळगावच्या नकाशात नव्हती आणि धुळ्याच्याही नव्हती. त्या पट्टीत एक विहीर, अर्धा गोठा आणि अक्काचं घर होतं.

"अक्का, तू जळगावमा नही शे."

"मंग धुळामा शे का?"

"धुळामा बी नही."

"आनि मी रोज भाकरी थापस ती कोठे थापस?"

"ते फाईलमा नही."

"आखाजीना सणले माहेरले येस तवय गल्लीनं कुत्रं बी माले ओळखस. तुन्हा डबडाले काय व्हयनं?"

रुपचंद देवरे साहेबांकडे गेला. पट्टी हाताने पुसून टाकता येईल का, असं त्याने विचारलं. साहेबांना दुःख झालं.

"हातानेच करायचं होतं, तर संगणक कशाला घेतला, रुपचंद?"

संगणकातल्या माहितीला हात लावायचा नाही, हा नियमच होता. फक्त पुन्हा रूपांतर करायला परवानगी होती, कारण ते संगणक स्वतः करतो. या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. नकाशावर एक जागा 'स्थिर बिंदू' म्हणून नेमता येई. मग ती जागा ठाम राहायची आणि बाकीच्या जगाने तिच्याभोवती जुळवून घ्यायचं. रुपचंदने स्थिर बिंदू अक्काच्या चुलीवर ठेवला. (भावाने बहिणीसाठी एवढंही करू नये, असं कुठल्याही परिपत्रकात म्हटलेलं नाही.) मग त्याने कळ दाबली.

रूपांतर यशस्वी.

नकाशा उत्तरेला सरकला आणि अक्काची चूल जळगाव जिल्ह्यात आली. पण गोधडी डोक्यावर ओढली की पाय उघडे पडतात. उत्तरेची पट्टी मिटली तशी दक्षिणेला एक नवी, जरा जास्त रुंद पट्टी उघडली आणि मारुतीचं देऊळ तिच्यात गेलं. मारुतीची तक्रार आली नाही. इकडे अक्काची चूल आत आली असली तरी बाज अजून बाहेर होती, आणि स्वयंपाक एका जिल्ह्यात करून झोपायला कुठेच न जाणारी बाई रहिवासी धरता येत नाही. तेव्हा रुपचंदने दुसऱ्यांदा कळ दाबली. सॉफ्टवेअरला अपूर्णांक टाकून द्यायची स्वच्छ सवय होती. दर रूपांतरागणिक ते गावाच्या कडा थोड्या थोड्या टाकून देई, त्यामुळे गोधडी दरवेळी आखडत होती. दुसऱ्या खेपेला रेशनचं दुकान आणि सरपंचांचं घर पट्टीत गेलं. तिसऱ्या खेपेला अक्काचं घर बाजेसकट, ओसरीसकट आत आलं, आणि बाकी सगळं गाव बाहेर गेलं.

लोटनआबा दुसऱ्याच दिवशी धुळ्याला आले. धोतर, टोपी, आणि चेहऱ्यावर मोर्चा.

"भाऊ, मी बावीस वरीस व्हयनात सरपंच शे. आनि करंजखेडामा मी ऱ्हास नही?"

"आबा, मी नही म्हनस. फाईल म्हनस."

"मंग मी कोठे ऱ्हास?"

"कोठेच नही."

आबा खुर्चीत बसले. थोडा वेळ ए.सी.चा वारा घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरपट्टी?"

"घर कोठे शे आबा, पट्टी लागाले?"

"अल्पबचतनं टार्गेट? नसबंदीनं?"

"ते गावले ऱ्हास. तुम्ही गावमा नही."

"मन्हावर अविश्वास ठराव येवाव शे, म्हनतस."

"ज्या गावमा तुम्ही नही, तठे तुम्हनावर कोन अविश्वास ठेवी?"

आबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी पुन्हा घातली. बावीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"भाऊ, आते काही हात लावू नको. जसं शे तसं ऱ्हाऊ दे."

"आनि तुम्हनी सूनना अर्ज?"

"ऱ्हाऊ दे. घरपट्टी मोठी शे."

महिन्याभरात सगळं गाव सुखी झालं. शेजारच्या दोन गावांनी 'आमचंही काहीतरी करा' असे अर्ज कक्षाकडे पाठवले. तिसऱ्या रूपांतरानंतर करंजखेड्याची अधिकृत स्थिती अशी होती: घर एक, चूल एक, बाभूळ एक, माणसं तीन (अक्का, तिचा नवरा मगन आणि सातवीतली मुलगी), सहा वर्षांखालील बालके निरंक. निवड समितीने एकमेव रहिवासी उमेदवाराचा एकमेव अर्ज गुणवत्तेनुसार तपासून अक्काला पहिला क्रमांक दिला. रुपचंदने कक्षात पेढे वाटले. देवरे साहेबांनी दोन घेतले.

अंगणवाडी रीतसर सुरू झाली. पोषण आहाराची सुकडी पोरांच्या संख्येप्रमाणे मिळते. चाळीसगावहून टेम्पोवाला निंबा आला, त्याने शून्य पोती उतरवली, शून्य पोत्यांची सही घेतली, पाणी प्यायला आणि गेला. पुढच्या महिन्यातही वेळेवर आला. पुरवठ्यात एकदाही खंड पडला नाही.

पोरं मात्र येत होती. एकतीस. त्यांना आपण कुठेच राहत नाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ती सकाळी तिथूनच निघत आणि अक्काच्या ओसरीत येऊन बसत. गाणी म्हणत, एकमेकांना चिमटे काढत, आणि दुपार झाली की वाटीकडे बघत. अक्काने घरची ज्वारी काढली. उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मगन रात्री ज्वारीच्या कणगीत हात घालून बघे आणि झोपे. नवी ज्वारी यायला दोन महिने होते तेव्हा कणगीच्या तळाला हात लागला. या पोरांतला भिकुबाईचा नातू छगन, वय चार, ताणकाट्याच्या झोळीत बसवला की काटा मागच्या महिन्यापेक्षा अलीकडेच थांबू लागला. अक्काने ते लिहायला घेतलं, पण निरंक बालकांचं वजन लिहायला रकाना नव्हता.

ती पुन्हा धुळ्याला आली. या वेळी चपला काढायच्या राहिल्या.

"रुप्या, पोरं घाल फाईलमा."

"अक्का, आते पुन्हा कळ दाबी तं तुन्हं घर बाहेर जाई. नोकरी जाई."

"जाऊ दे."

"तूच तं म्हने, नोकरी पाहिजे."

"मी नोकरी मांगी व्हती. पोरं काढाले कोनी सांगं?"

रुपचंदने पडद्याकडे बघितलं. पडद्यावर 'रूपांतर यशस्वी' होतंच. मग तो उठला आणि रूपांतराच्या फ्लॉप्या मागायला साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दसऱ्याला ज्यांना नारळ फोडला त्या तिन्ही फ्लॉप्या साहेबांनी सकाळीच कपाटात घालून कुलूप लावलं होतं. टेबलावर अभिनंदनाचा हार पडला होता. करंजखेड्याची अंगणवाडी विभागात पहिली आली होती. कुपोषित बालके शून्य. गळती शून्य. सुकडीची नासाडी शून्य. पालकांच्या तक्रारी शून्य (कारण तक्रार करायला पत्ता लागतो).

"अशी फाईल पुन्हा उघडत नसतात," साहेब म्हणाले. "शून्य फार कष्टाने मिळतं रे. लोकांची हयात जाते, दोन-तीन टक्के राहतातच."

"साहेब, एकतीस पोरं उपाशी आहेत."

"कुठे?"

भिंतीवर नवा नकाशा होता. रुपचंद पुढे झाला आणि त्याने बोट ठेवलं. ते पांढऱ्या कागदावर पडलं. त्याने बोट जरा खाली सरकवलं. तिथेही पांढरंच होतं.

साहेब उठून आले, मायेने त्याचं बोट नकाशावरून बाजूला केलं आणि म्हणाले, "तिथे काही नाही, रुपचंद."

ही बातमी त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आली. चौकटीत होती, त्यामुळे आपणही वाचलीत. 'कुपोषण शून्य टक्के' एवढं वाचून आपण बशीतला चहा संपवलात आणि आत हाक मारून सांगितलंत, की बघा, मनात आणलं तर आपल्याकडेही होतं. बातमीशेजारी गावाचा नवा नकाशा छापला होता. एक घर, एक बाभूळ, बाकी सगळं पांढरं. तो आपण चष्मा लावून, पेपर उजेडात धरून, नीट बघितलात. आणि म्हणालात, "किती स्वच्छ गाव आहे!"